मासा तिरका, बाप कंसात

सुगंधाकाकी बाटलीतल्या मेलेल्या माशांना मंत्र घालते, ही बातमी कट्टा गावच्या बाजारातून मालवणात आली. गेली होती मालवणातूनच, पण परत येताना चांगली अंगानं भरून आली. जाताना काकी नुसतं 'बाटल्येर कायतरी लिवत' होती. कट्ट्याला पोचेपर्यंत ती फिरंगी मंत्र लिहायला लागली, आणि उलटी येईपर्यंत त्या मंत्रानं बांगडा खोल पाण्यात निघूनही गेला होता. मासळी विकणारी काशीबाई ही गजाल सांगताना टोपली खाली ठेवायची, पदर तोंडाशी धरायची आणि इतकं हळू बोलायची की पलीकडच्या दुकानातली माणसं उठून ऐकायला येत.

"ह्या डोळ्यांनी बगलंय गो. एकेका माशाचा नाव लिवता आणि मगे तेच्यार फुकता. फुकल्यार मासो बाटलीत वळता."

यातलं फुंकणं खरं आहे. रंग लवकर वाळावा म्हणून काकी फुंकायची. मासा मात्र कधी वळला नाही. तो औषधाच्या पाण्यात तोंड वासून जसा होता तसाच राहिला. आणि मंत्र म्हणाल तर ती माशांची शास्त्रातली नावं होती, शाळेतल्या कपाटासाठी. बांगड्याचं काही बिघडलं नाही. तो आपल्या मर्जीनं येतो नि जातो, काशीबाईलाही विचारत नाही. पण त्या नावांनी काकीचं काय केलं, ते कट्ट्यापर्यंत कुणी नेलं नाही. म्हणून ते इथं लिहिलेलं बरं.

काकी मूळची विजयदुर्गची. तिचे वडील गंगाराम होड्यांवर नावं काढायचे. विजयदुर्गच्या खाडीत उभी असलेली होडी लांबूनच सांगायची की आपल्यावर गंगारामांचा हात फिरलाय, एवढं त्यांचं अक्षर गोल आणि पोटभर जेवल्यासारखं. त्यांचा एक कायदा होता. होडीचं नाव कागदावर लिहून घ्यायचं नाही. मालकानं नाळीपाशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, उभं राहून ते आपल्या तोंडानं, मोठ्यानं म्हणायचं, आणि मगच कुंचला उचलायचा.

"होडयेक आपला नाव आयकाक होया," ते म्हणायचे. "न आयकता रंगवलास तर ती भलत्याच्याच हाकेक जायत."

मुलगा नव्हता, म्हणून कुंचला मुलीच्या हातात आला. मुलीचं नाव त्यांनी जानकी ठेवलं होतं. जानकी देवनागरी शिकली, आणि होड्यांचे नंबर काढण्यापुरती इंग्रजी अक्षरंही शिकली. वाचता येत नसली तरी ती डोळे मिटून काढायची.

लग्न होऊन जानकी मालवणात कुबलांच्या घरी आली. तिथं आधीच एक जानकी होती, नवऱ्याची चुलती. एका घरात दोन जानक्या कशा चालतील? चुलीपाशी हाक मारली तर दोघी ओ देतील, आणि काम एकीचंही होणार नाही. सासूनं सुगंधा हे नाव काढलं. नवऱ्यानं, म्हणजे धोंडूकाकांनी, ताटातल्या तांदळांत अंगठीनं ते लिहिलं. नवी नवरी मान खाली घालून बसली होती, पण तेवढ्यातही तिला दिसलं की 'सु'चा उकार उलटा पडलाय. गंगाराम मांडवात होते. अख्ख्या खाडीला नावं देणारा माणूस, पण मुलीचं नाव पुसलं जात असताना एक शब्द बोलला नाही. टोपी काढली, परत घातली, एवढंच.

थोरली जानकी जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. सासूही गेली, गंगारामही गेले. काकीचं पहिलं नाव विजयदुर्गला एका गळ्यात तेवढं उरलं होतं, तिच्या आईच्या. काकी माहेरी गेली की म्हातारी उंबऱ्यातून हाक मारायची, "जानक्या गो," आणि 'गो' असा लांबवायची की शेजारचा कुत्रा उठून बघायचा. गेल्या पौषात म्हातारीही गेली. दिवसकार्य आटपून काकी घरी आली, पाय धुतले, चूल पेटवली, आणि शेजारच्या पोरीला, म्हणजे हे लिहिणारीला, मीठ मागावं तशा आवाजात म्हणाली, "आता त्या नावान माका हाक मारूक कोण उरला नाय."

मग तिनं भातातली पेज वेळून काढली.

कुणी म्हणेल, नवरा होता की. धोंडूकाका चांगला माणूस. बायकोला कधी वाकडं बोलला नाही. पण सरळ बोलला असंही नाही. आमच्याकडे नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत, आणि काका तर सगळी भाषाच 'हूं'मध्ये उरकायचे. जेवण चांगलं झालं तर छोटं 'हूं', वारा फिरला तर लांब 'हूं', पाहुणे आले तर नाकातलं 'हूं'. बायकोला हाक मारायची तर "आयकलंस?" सुगंधा हे नाव ज्यानं स्वतः तांदळात लिहिलं, त्याच्या तोंडून ते कुणी ऐकलं नव्हतं. मग जानकी कुठून ऐकणार?

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि सामंत मास्तर पडवीत आले. मास्तर शास्त्र शिकवतात. त्यांना शाळेत माशांचं कपाट करायचं होतं. भरलेल्या बरण्या त्यांनी पडवीत आणून ठेवल्या, आता नावांच्या पट्ट्या हव्या होत्या. मास्तर फळ्यापासून लांब असले तरी बोटांत खडू असल्यासारखे हवेत लिहितात, आणि दर वाक्याला 'म्हणजे बरं का' लावून शेवटी 'स्पष्ट?' विचारतात. वर्गानं 'स्पष्ट' म्हटल्याशिवाय ते पुढं सरकत नाहीत.

"म्हणजे बरं का, काकी, प्रत्येक माशाला शास्त्रात दोन शब्दांचं नाव असतं. पहिला शब्द घराण्याचा, दुसरा त्याचा स्वतःचा. घराण्याचं पहिलं अक्षर मोठं. स्वतःचं नाव सगळं लहान अक्षरात. हातानं लिहिलं तर खाली रेघ मारायची, छापलं तर अक्षर तिरकं. आणि शेवटी, ज्यानं हे नाव पहिल्यांदा दिलं त्याचं आडनाव. ते मात्र सरळ. स्पष्ट?"

"मी काडतंय ता हाताचा की छापलेला?"

मास्तरांचा हवेतला खडू थांबला. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. काकीनं दारावर काढलेलं 'कुबल' त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "तुमचं छापलेलंच धरू. तिरकं काढा."

"म्हणजे मासो तिरको, आणि नाव ठेवणारो ताठ."

"म्हणजे बरं का, हो."

पडवीच्या दुसऱ्या टोकाला धोंडूकाका पाठ करून जाळं विणत बसले होते. ते "हूं" म्हणाले. कशाबद्दल ते कळलं नाही.

पत्र्याच्या पट्ट्यांना पांढरा हात देऊन काकीनं काम सुरू केलं. बारीक खारीच्या केसांचा कुंचला, काळा रंग, आणि प्रत्येक अक्षर वाऱ्यात शीड कलावं तसं एकाच बाजूला कललेलं. मास्तर बघायला आले, पट्ट्या डोळ्यांजवळ धरल्या, आणि त्यांचा चेहरा आनंदातून हळूहळू बाहेर पडला.

"काकी, दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर?"

"मोठा काडलंय."

"लहान सांगितलं होतं."

"सांगितलात खरा. पण मास्तरानू, कोणाचा स्वताचा नाव बारीक काडला तर ता रुसता. होडी तर फुडेच जाणा नाय. माज्या बापाशीन कदी कोणाचा बारीक काडूक नाय."

"मासे मेलेले आहेत, काकी. रुसून जाणार कुठे?"

"मेलो म्हणान तेचो मान कमी करूचो?"

मास्तर ओट्यावर टेकले. रागावले नाहीत. ते चिडले की 'बरं का' गाळतात, आणि त्यांनी ते गाळलं नाही. "म्हणजे बरं का, लहान म्हणजे हलकं नव्हे. ही जगभरची बोली झालेली आहे. हा मासा जपानात कुणी पकडला, आफ्रिकेत कुणी पकडला, तरी पट्टी वाचून त्याला कळायला हवं की घराणं कुठलं आणि पोर कोण. दोन्ही मोठी केली तर कोण कुणाचं ते कसं कळणार?"

काकीनं विचार केला. "तसा असात तर बरा," ती म्हणाली, आणि घासलेटाचा बोळा घेऊन सगळी मोठी अक्षरं पुसायला बसली. पुसताना प्रत्येक माशाकडे एकदा बघायची. माफी मागत होती की काय, ते तिलाच ठाऊक.

दुसरी खेप चालू असताना बांगड्याची पट्टी आली. मास्तरांनी दिलेल्या कागदावर रास्ट्रेलिगर कानागुर्ता असं होतं, आणि पुढं क्युव्हिए हे आडनाव कंसात. तारलीच्या पट्टीवरचा गृहस्थ मोकळा होता. काकीनं कुंचला खाली ठेवला आणि मास्तरांची वाट बघत राहिली. मास्तर आले तसा पहिलाच प्रश्न टाकला.

"ह्या माणसाक कुंपणात कित्या घातलास?"

"कंस म्हणतात त्याला. म्हणजे बरं का, या गृहस्थानं बांगड्याला कानागुर्ता नाव दिलं तेव्हा त्याला दुसऱ्या घराण्यात धरलं होतं. पुढं लोकांनी नीट बघितलं आणि बांगडा या रास्ट्रेलिगर घराण्यात आणला. घर बदललं. पण स्वतःचं नाव तेच राहिलं. आणि ज्यानं ते पहिल्यांदा दिलं त्यालाही पुसायचं नाही, कंसात ठेवायचं. कंस दिसला की समजायचं, हा दुसऱ्या घरून आलेला."

काकीनं बांगड्याची बरणी जवळ ओढली.

"म्हणजे ह्येका म्हायेर आसा."

"अं. म्हणजे बरं का, म्हणायला हरकत नाही."

"आणि नव्या घरातल्यांनी नाव बदलला तर? सासयेक आवडला नाय म्हणान?"

"आवडलं नाही म्हणून बदलता येत नाही. जे पहिल्यांदा दिलं तेच चालतं. दुसरं कितीही गोड सुचलं तरी बाद. स्पष्ट?"

काकीनं 'स्पष्ट' म्हटलं नाही, पण तिचा चेहरा एवढा उजळला की मास्तरांना ते पुरलं. ते पायऱ्या उतरले. उतरले आणि थांबले, कारण अर्धं सांगून जाणं त्यांच्या अंगात नाही.

"एक अपवाद आहे मात्र. नव्या घराण्यात त्याच नावाचा मासा आधीपासून असेल, तर नंतर आलेल्याचं नाव बदलावं लागतं. एका घराण्यात एका नावाचे दोन चालत नाहीत."

काकीचा कुंचला हातातच राहिला. "न्यायाचाच आसा मगे," ती म्हणाली. मास्तर समाधानानं गेले. त्यांना काय माहीत, या घरात तांदळाच्या ताटात काय झालं होतं. माशांचा कायदासुद्धा सासूच्या बाजूचा निघाला होता. पलीकडे धोंडूकाकांची जाळं विणायची सुई चालत नव्हती, पण त्यांच्या पाठीकडे बघून काही कळत नाही. त्यांनी "हूं"सुद्धा म्हटलं नाही.

त्या संध्याकाळी काकी गप्प होती. शेजारच्या पोरीला गप्प माणूस बघवत नाही. तिला सगळ्या गावाच्या आवाजांची नक्कल येते. विजयदुर्गची म्हातारी मालवणला यायची तेव्हा तिची हाकही तिनं उचलून ठेवली होती, कुत्रा उठवणाऱ्या 'गो'सकट.

"काकी, तुज्या आवशीच्या आवाजात मारू हाक? एकदम तशीच मारतंय."

काकीनं कुंचल्याचे केस बोटांनी सारखे केले. "नको गो. तू माका हसवशीत. त्या नावार माका हसूचा नाय." मग थोड्या वेळानं म्हणाली, "माका ती खरी होयी. आणि बग, नारळी पुनवेपर्यंत कोणतरी मारीत."

"कोण मारतलो? काका? काका तर सुगंधा पण म्हणूक नाय अजून."

"माजो घोव मुको नाय. लाव पैज."

काकीच्या आवाजात आशा नव्हती, नुसता हट्ट होता. शिवाशिवीच्या खेळात हरल्यावर लहान मूल परत खेळायला मागतं तसा. पैज ठरली. पोर जिंकली तर काकीनं तिच्या घराच्या भिंतीवर तिचं नाव रस्त्यावरून वाचता येईल एवढं मोठं काढायचं. काकी जिंकली तर पोरीनं शिमग्यापर्यंत काका-काकीची नक्कल तोंडातून काढायची नाही. भिंतीवर कुठला रंग घ्यायचा, ते पोरीनं त्याच रात्री ठरवून टाकलं.

बरण्या आणि पट्ट्या शाळेत पोचल्या. कपाट उभं राहिलं. पट्ट्यांचा गठ्ठा काकांनीच खांद्यावर नेला होता आणि परत यायला त्यांना फार उशीर झाला. एवढा वेळ कपाटाला काय खिळे मारत होते का, असं काकीनं विचारलं, तर "हूं."

श्रावणात पौर्णिमा जवळ आली. काकांची होडी माडाच्या झावळ्यांच्या छपराखालून बाहेर काढली. यंदा तिच्या दोन फळ्या नव्या घातल्या होत्या, जुना रंग खरवडून काढला होता, आणि त्याबरोबर जुनं नावही गेलं होतं. पौर्णिमेच्या सकाळी, समुद्राला नारळ द्यायच्या आधी, नाव काढायचं होतं. काकी रंगाचा डबा घेऊन नाळीपाशी बसली. सामंत मास्तर धुतलेल्या धोतरात आले होते. त्यांना कुणी बोलावलं ते काकीला समजलं नाही. शेजारची पोर अर्थात होतीच. पैजेचा शेवटचा दिवस होता.

काकीनं कुंचला रंगात बुडवला नाही. वडिलांचा कायदा होता.

"नाव सांगा," ती म्हणाली.

"ता लिव," काका म्हणाले.

"काय ता?"

"तुका म्हायत आसा."

"माका आसात. होडयेक म्हायत नाय."

काकांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर समुद्राकडे बघायला लागले. काकांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. बाजूच्या होड्यांवरचे खलाशी हातातलं काम सोडून ऐकत होते.

"रामाची बायल," काका म्हणाले.

"सीता लिवू?"

"नाय. तिचाच दुसरा."

"मैथिली?"

"नाय गो. जनकाच्या चेडवाचा."

"जनकाच्या चेडवाक लोक काय म्हणत?" काकी विचारत होती. आवाज अगदी साधा, बाजारात भाव विचारावा तसा. पण हातातला कोरडा कुंचला तिनं पदराखाली नेला.

काका म्हणाले, "मी मास्तराक इचारलंय. थोरली त्या घराण्यात नाय रवली, तर धाकटीक आपला पयला नाव परत गावता."

"काही वेळा," मास्तर समुद्राकडे बघतच म्हणाले. "म्हणजे बरं का, नेहमी नाही. काही वेळा."

"आमच्या घरात आता दुसरी खंय आसा?" काका म्हणाले. माणसानं आयुष्यभराचे शब्द एका सकाळी खर्च केल्यासारखा त्यांना दम लागला होता. मग त्यांनी छाती भरून घेतली, पलीकडच्या होडीवरच्या तांडेलाला भर वाऱ्यात हाक द्यावी तसं तोंड आभाळाकडे केलं, आणि म्हणाले, "जानकी."

कुठल्यातरी होडीतून एक म्हातारा खलाशी "ओ" म्हणाला. सवयीनं.

शेजारच्या पोरीनं ताबडतोब हरकत घेतली. "ह्या होडयेचा नाव झाला. काकीक हाक नाय मारूक. पैज माजी."

काकांना पैजेचं काही ठाऊक नव्हतं. ते वाकले, डबा काकीच्या जवळ सरकवला, आणि नेहमीच्या 'हूं'च्या आवाजात, फक्त तिला ऐकू जावं असं म्हणाले, "जानक्या, लिव गो आता. रंग सुकता."

पोरीचे कान तिखट आहेत, हेच तिचं दुर्दैव. तिनं ते ऐकलं.

काकीनं लगेच लिहायला घेतलं नाही. आधी तिनं ओ दिली. उंबऱ्यातून आलेल्या हाकेला देतात तशी, हळू. मग कुंचला बुडवला. कुबल हे पहिलं, जानकी हे दुसरं, दोन्ही एकाच वाऱ्यात कललेली. आणि त्यांच्यापुढं, सरळ ताठ अक्षरात, कंस घालून, गंगाराम. अक्षरं गोल होती आणि पोटभर जेवल्यासारखी.

"बापाशीक कुंपणात कित्या घातलंस?" काकांनी विचारलं.

"होडी म्हायेरसून इली म्हणान."

मास्तरांनी वाकून नाव तपासलं. आमच्या लिपीत मोठं-लहान अक्षर नसतंच, तेव्हा रुसण्याचा प्रश्नही मिटला, असं ते म्हणाले, आणि त्यांना स्वतःचंच बोलणं एवढं आवडलं की 'स्पष्ट?' विचारायचं राहिलं. काकी नावावर फुंकत होती. काशीबाई दुरून बघत होती, आणि कट्ट्याला काय पोचणार ते तिच्या पदराच्या हालचालीवरून दिसतच होतं.

दुपारी नारळ देऊन सगळे परतले. पडवीत शिरताना काकांनी पुन्हा "आयकलंस?" म्हटलं. काकीनं ऐकलंच नाही. काका दारात उभे राहिले, इकडेतिकडे बघितलं, आणि नाव घेऊन हाक मारली. तेव्हा काकी आली.

पैज हरली ती शेजारची पोर. शिमग्यापर्यंत काकांचं 'हूं' नाही, काकीचा हट्टाचा आवाज नाही, म्हातारीची लांब हाक तर नाहीच. शाळेत सगळ्या पोरी मागे लागल्यात, नारळी पुनवेला काय झालं ते करून दाखव म्हणून, आणि ओठ घट्ट मिटून बसावं लागतंय. तोंडानं करायचं नाही असं ठरलं होतं. काकीला परत विचारून घेतलं, "आणि लिवलंय तर?"

काकी म्हणाली, "लिव. पण माजा नाव तिरका काड."